घोडीवरचं स्टेशन

सांध्यावरून नख फिरवायची त्याला सवय लागली आहे. दोन फळ्या शेजारी आल्या की अंगठ्याचं नख आधी उजवीकडून डावीकडे जातं, मग उलट. बँकेत काउंटरच्या कडेवरून, लग्नाच्या पंगतीत दोन टेबलांच्या फटीवरून, एसटीत खिडकीच्या पट्टीवरून ते आपोआप फिरतं. बघणाऱ्याला वाटतं, गुरुजी धूळ बघताहेत. धुळीशी त्याला काही कर्तव्य नसतं. नख अडलं की गाडी अडणार, एवढंच डोक्यात असतं.

सिंदेवाहीतल्या त्याच्या घराच्या पडवीत तीन पेट्या भिंतीला टेकवून उभ्या असतात. प्रत्येकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. चादर काढून त्या घोड्यांवर आडव्या ठेवल्या आणि एकमेकींना जोडल्या, की एक स्टेशन तयार होतं. सत्तरच्या दशकातलं सिंदेवाही. कौलारू छप्पर, कडुनिंब, पाण्याचं नळकांडं आणि अडीच फुटी नॅरोगेजचे दोन रूळ.

हा रूळ आता इथे कुठेच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेनं गोंदिया, वडसा, नागभीड करत चांद्यापर्यंत, म्हणजे चंद्रपूरपर्यंत, ही बारकी गाडी आणली. तळोधी रोड, आलेवाही, सिंदेवाही, राजोली, मूल-मारोडा, केळझर ही नावं त्याला शाळेच्या कवितेसारखी पाठ होती, कारण मामाच्या गावाला जाताना ती त्याच क्रमानं यायची. खिडकीतून तोंड बाहेर काढलं की कोळशाचा कण डोळ्यात जायचा आणि आई पदराच्या टोकाला फुंकर घालून डोळा शेकायची. नव्वदच्या दशकात या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. नागपूर-नागभीडची नॅरोगेज तेवढी मागे राहिली होती, तीही २०१९च्या नोव्हेंबरात थांबली.

रेल्वेवाल्यांचा एक शब्द त्याला फार आवडतो. रूळ, स्लीपर, खडी या सगळ्याला मिळून ते ‘परमनंट वे’ म्हणतात. त्याची देखरेख करणारा साहेब तो पूर्वीचा पीडब्ल्यूआय, म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर. शब्दामागची गोष्ट अशी, की नवा मार्ग बांधताना कंत्राटदार माती-दगड वाहायला आधी एक तात्पुरता रूळ टाकायचा. काम झालं की तो उचलायचा आणि मग कायमचा टाकायचा. हा दुसरा तो परमनंट. सिंदेवाहीच्या परमनंटला शंभर वर्षंही पुरी झाली नाहीत. पडवीतला मात्र पहिल्या दिवसापासून उचलण्यासाठीच केलेला आहे.

*

हिशेब त्यानं शाळेच्या वहीत केला होता, आणि त्यात एक गंमत सापडली. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं जगभर सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण १:८७, त्याला ‘एचओ’ म्हणतात. त्याचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतो, कारण युरोप-अमेरिकेचा प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचा आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे बाजारातल्या एचओ रुळावर आपली डब्ल्यूडीएम इंजिनं ठेवली, की ती अंग चोरून उभी असल्यासारखी दिसतात. पण अडीच फुटी नॅरोगेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७नं भागा: ८.७६. आणि बाजारात ‘एन’ नावाच्या आणखी छोट्या प्रमाणाचा तयार रूळ मिळतो तो नऊ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक! जगातल्या कुणीही झाडीपट्टीचा, म्हणजे इथल्या या जंगलाच्या मुलखाचा, विचार करून तो रूळ बनवलेला नाही, तरी तो झाडीपट्टीच्या गाडीला फिट बसतो. वहीच्या त्या पानावर त्यानं उत्तराखाली दोन रेघा मारल्या आहेत, मुलांच्या पेपरात मारायचा तशा.

जागेचा हिशेब मात्र निष्ठुर. चार फुटांची पेटी म्हणजे प्रत्यक्षातले १०६ मीटर. एक किलोमीटर दाखवायचा तर साडेअकरा मीटर लांबीची खोली हवी. आलेवाहीपर्यंतचा मार्ग दाखवायचा तर अख्खी गल्ली लागेल. म्हणून हौशी माणूस अंतर कापतो आणि स्टेशन ठेवतो. मध्ये जंगल आहे असं समजायचं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी उघडलेलं. एकाच दालनात गाड्या, सिग्नल, सर्कस, रस्ते, दिवे लागणारं गाव, आणि काळोख करून दाखवलेली रात्र. त्यानं ते निवृत्तीच्या वर्षी पाहिलं. बाकीचे लोक गाड्या बघत होते, हा गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघायला लागला. त्याला ओढ लागली ती वेगळ्याच गोष्टीची. संग्रहालय होण्याआधी, ऐंशीच्या दशकात, जोशींनी एक फिरता संचही केला होता आणि तो प्रदर्शनांत मांडून दाखवला होता. म्हणजे रूळ, गाव, डोंगर असं सगळं सुटं करून दुसरीकडे नेऊन पुन्हा चालू करायचं. परतीच्या प्रवासात सेवाग्राम गेलं, हिंगणघाट गेलं, आणि तो एकच विचार करत होता: सुटं करणं ठीक, पण पुन्हा जुळायचं कसं?

*

मिस्त्रीकडे तो गेला तेव्हा त्याच्या मनात साग होता. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून माणसाच्या मनात दुसरं काय येणार? इथे सागाचं कौतुक ऐकतच मूल मोठं होतं. आलापल्लीचं जुनं सागवान, बल्लारपूरचा लाकडाचा डेपो. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये इथूनच साग वाजतगाजत गेला. तेव्हा प्रतिकृती करायची तर सागाचीच, पिढ्या टिकली पाहिजे, असा त्याचा हट्ट. मिस्त्रीनंही जुन्या वाड्याच्या फळ्या काढून, रंधून, गुण्या लावून दोन देखण्या पेट्या केल्या. वर सागाची अखंड फळी, बाजूला सागाच्या पट्ट्या. एकेक पेटी उचलायला दोन माणसं आणि एक शिवी लागायची.

मे महिन्यात पेट्या जुळल्या. शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव रोज टीव्हीवर तापमानाच्या बातमीत येत होतं, आणि पडवीत रूळ सांध्यावरून लोण्यासारखा जात होता. नख कुठे अडत नव्हतं.

पंधरा ऑगस्टला एका शाळेनं बोलावलं. पेट्या टेम्पोतून नेल्या, बेंचांवर ठेवल्या, जोडल्या. वर्ग मुलांनी भरलेला. गाडी सांध्यावर आली आणि इंजिन अलगद, फार घाई न करता, आडवं झालं. त्यानं उचलून ठेवलं, पुन्हा आडवं. तिसऱ्या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच अपघाताचा आहे.

घरी येऊन त्यानं मोजलं. रूळ दीड मिलिमीटरनं सरकला होता. एवढ्या छोट्या गाडीच्या चाकाची आतली कड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरची असते, दीड मिलिमीटर म्हणजे तिच्या दृष्टीनं दरी. दोष सागाचा नव्हता आणि मिस्त्रीचाही नव्हता. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत, रेषांच्या आडव्या दिशेनं, पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. दीड फुटाच्या अखंड फळीत तीन-चार मिलिमीटर सहज. झाडीच्या गावात तर मे कडकडीत कोरडा आणि जुलैत मीठसुद्धा पाणी सोडतं. घराची दारं पावसाळ्यात घट्ट बसतात हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. रुळाचा आणि दाराचा संबंध तेवढा लावला नव्हता.

‘प्लाय लावू,’ तो मिस्त्रीला म्हणाला. प्लायवूडमध्ये एका थराच्या रेषा उभ्या तर पुढच्या थराच्या आडव्या, एक फुगायला निघाला की दुसरा त्याला धरून ठेवतो.

मिस्त्रीनं रंधा खाली ठेवला. ‘अयोध्येच्या दाराले आपला साग गेला जी गुरुजी, अन् तुमच्या खेळण्याले प्लाय पायजे?’

*

दुसऱ्या वेळी आधी पुष्कळ वाचलं. अमेरिकेत लिन वेस्टकॉट नावाचे संपादक होते, १९६१ ते १९७७ ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक चालवलेले. त्यांनी टेबलाची कल्पनाच मोडीत काढली. चार पाय आणि वर जाड फळी कशाला? एका उभ्या पट्टीच्या वरच्या कडेला दुसरी अरुंद पट्टी आडवी चिकटवा. उलटा इंग्रजी एल. अशा दोन लांब तुळया, त्यांवर आडवे वासे, वाशांवर हव्या त्या उंचीचे टेकू, टेकूंवर रुळापुरतीच फळी. सगळे स्क्रू खालून. म्हणजे वर डोंगर झाला, तळं झालं, तरी खालून स्क्रू सैल करून वासा सरकवता येतो. पायही टोकांना लावायचे नाहीत, दोन्हीकडून सुमारे पाचवा भाग आत घ्यायचे, म्हणजे मधला झोळ आणि टोकांचं लोंबणं एकमेकांना तोलतात.

पद्धत सुंदर, पण ती एका जागी राहणाऱ्यांची. ज्याला टेम्पोत चढायचं आहे त्याला पेटी बरी. आणि पेटीचं सगळं शास्त्र त्याच्या टेबलाच्या खणात पडलेल्या फूटपट्टीत होतं. वर्षानुवर्षं त्यानं वर्गात दाखवलं होतं: लाकडी फूटपट्टी आडवी धरून दाबली तर वाकते, तीच उभी धरून दाबा, हलत नाही. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. तिप्पट केली तर सत्तावीसपट. तेव्हा पाऊण इंची प्लाय आडवं टाकण्यात शहाणपण नाही. आठ बाय चारचा तो अख्खा तुकडाच पस्तीस किलोच्या आसपास भरतो, आणि मधे झोळ येतो तो येतोच. त्याऐवजी पातळ प्लायच्या तीन इंची पट्ट्या उभ्या करायच्या, चौकट करायची, आत दर फुटावर आडव्या पट्ट्या, त्यांना मोठमोठी भोकं पाडायची. भोकांतून वायर जाते आणि वजनही जातं. वर तर नुसतं पातळ प्लाय पुरे.

मिस्त्रीला हे पटेना. भोकं पाडलेल्या पट्टीकडे बघून तो म्हणाला, ‘मजबूत करायचं म्हणता अन् पोकरता.’ मग पहिली चौकट डिंक लावून, स्क्रू मारून तयार झाली. त्यानं एका हातानं उचलली, दोन टोकं घोड्यांवर ठेवली आणि मधोमध स्वतः चढून उभा राहिला. चौकट कुरकुरलीसुद्धा नाही. खाली उतरून त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

‘हे टेबल होय का पूल होय जी?’

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींना तेव्हा देता आलं नाही. पण त्यानंतर पडवीत ‘टेबल’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘पूल आणा’, ‘पूल उभा करा’.

घोड्यांच्या पायांना तिरप्या पट्ट्या लावल्या. चार दांड्यांची चौकट ढकलली की तिरकी होते, तीत एक तिरपी पट्टी घातली की दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला हलायचं कुठे ते सुचत नाही. प्रत्येक पायाच्या तळाला नट आणि बोल्ट, शाळेची फरशी किंवा मंगल कार्यालयाचा ओटा वर-खाली असला तर पाना घेऊन पाणसळीनं समतल करायला. उंची बेंबीच्या थोडी वर. मुलांना टाचा उंचवाव्या लागतात, पण गाडी डोळ्यांसमोरून जाते. वरून बघितलेली गाडी खेळणं दिसते.

*

राहिला सांधा.

यावर जगभर डोकं चालवलेलं आहे. कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकात ‘एन-ट्रॅक’ नावाची पद्धत निघाली. कुणीही आपल्या घरी एक तुकडा करायचा, पण टोकाला रूळ कुठे, उंची किती, प्लग कोणता हे सगळ्यांचं सारखं. जमिनीपासून चाळीस इंच. मग एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका सभागृहात येऊन तुकडे जोडतात आणि गाडी एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात जाते. कुणी पितळेच्या खुंट्या आणि बुश वापरतात, कुणी बोल्ट आणि पंखाचे नट. रुळांची टोकं सांध्याशी सैल राहू नयेत म्हणून पितळी स्क्रूच्या डोक्याला झाळ देऊन पक्की करतात.

सिंदेवाहीत उत्तर मिस्त्रीनं दिलं, आणि ते नाटकातून आलं.

वडसा हे याच लोहमार्गावरचं गाव. झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की नाटक मंडळ्या तिथून निघतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्र जागवतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीची बातमी लागली, इथल्या माणसाला ती नवी नव्हती. नाटक रात्री सुरू होतं, उजाडताना संपतं, आणि उजाडल्यावर जे होतं ते बघायला फारसं कुणी थांबत नाही. घोंगड्या खांद्यावर टाकून लोक घराकडे निघतात, आणि इकडे पडदे उतरतात, विंगा सुट्या होतात, माइकच्या वायरी कोपरावर गुंडाळल्या जातात, आणि राजवाडा गाडीत चढतो. संध्याकाळी तो दुसऱ्या गावच्या धुऱ्यावर उभा असतो.

मिस्त्रीनं तरुणपणी एका मंडळीच्या चौकटी केल्या होत्या. एका दुपारी चहा पिता पिता तो उठला आणि पत्र्याच्या डब्यातून एक पितळी बिजागरी घेऊन आला. खिळ्यानं ठोकून तिची मधली खीळ बाहेर काढली. बिजागरीचे दोन पंख हातात सुटे झाले. पुन्हा जुळवले, खीळ वरून सोडली, टक्कन बसली.

‘एक पंख या पुलाले, एक त्या पुलाले. खीळ काढली का सुटा, घातली का जुडला. रोज जोडा, रोज सोडा. राजवाडा जुडते तर तुमचं टेसन नाही जुडणार?’

गुरुजींनी बिजागरी हातात घेतली आणि सवयीनं पंखांच्या जोडावरून नख फिरवलं. अडलं नाही. मग त्यांनी दोन्ही पेट्या आधी बिजागरीनं जोडल्या, आणि रूळ त्यानंतर टाकला. सांध्यावरून अखंड. झाळ देऊन पक्का केला. मग बारीक करवतीनं, श्वास रोखून, बरोबर फटीवर कापला. पहिल्या वेळची चूक हीच होती: तुकडे आधी केले होते आणि जुळवले नंतर होते.

*

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, १४ डिसेंबर २००२ला सुरू झालेलं. तिथे खरं इंजिन उभं आहे, हात लावता येतो. तो तिथे दोनदा गेला. मोजमापं घेतली, फोटो काढले, आणि दोन्ही वेळा थोडा लवकरच निघाला. इंजिन पुसलेलं, रंगवलेलं, आणि खाली रूळ पन्नास-शंभर फुटांवर संपलेला.

तिसऱ्या पेटीवर जंगल आहे. धानाच्या तुसाला रंग देऊन खाली पसरलं आहे, बांबूच्या काड्यांचं रान आहे, मोहाचं एक झाड तारेचं. नातीनं त्यात प्लॅस्टिकचा वाघ ठेवला. तो मापात नव्हता, १:८७ला धरला तर डब्याएवढा व्हायचा. पण त्यानं काढला नाही. फक्त रुळापासून लांब, पेटीच्या मागच्या कडेला नेऊन ठेवला. २०१८च्या नोव्हेंबरात याच मार्गावर, चिचपल्लीच्या रानात, गाडीखाली वाघाचे तीन बछडे गेले. ती बातमी आली त्या दिवशी स्टेशनवर चहा पिणारी माणसं नेहमीपेक्षा हळू बोलत होती. नात दर वेळी वाघ रुळाजवळ आणते. तो दर वेळी मागे नेतो. दोघंही त्याबद्दल काही बोलत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात पूल पुन्हा एका शाळेत गेला. वेगळ्या. खिळा घातल्या, प्लग जोडले, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. नख दोन्ही सांध्यांवरून फिरवलं. गाडी तळोधीकडून आली, स्टेशनात शिरली, थांबली, राजोलीकडे गेली आणि पेटीच्या टोकाशी उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीनं विचारलं, ‘गुरुजी, पुढे का नाही जात?’

पुढे पेटीचं टोक होतं. त्यावर बिजागरीचा एक पंख, एकटाच, स्क्रूनं बसवलेला.

त्यानं टोकाच्या मापाचे तीन साचे पत्र्यातून कापून घेतले आहेत. रूळ कुठे, पंख कुठे, उंची किती, सगळं त्यावर खिळ्यानं कोरलेलं. एक मिस्त्रीच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. एक पडवीत. तिसरा त्या दिवशी त्या मुलीच्या दप्तरात गेला. तिचं गाव राजोली.